गाठ मी मारली होती

कोल्हापूर

शोभाच्या अण्णांना,

जय जिनेंद्र. तुमचं नाव मी उखाण्यात घेतलं तेवढंच, पुन्हा कधी घेतलं नाही. पत्रातही घेत नाही. ओळखून घ्या.

तुम्ही गेल्याला वर्ष होऊन गेलं. तुम्हाला पत्र लिहावं असं एवढ्या दिवसांत वाटलं नाही, कारण बोलायचं ते मी भाकरी थापतानाही तुमच्याशी बोलते. पण मागच्या महिन्यात शोभासमोर मी तुमच्याबद्दल एक बोलले. तुमच्या माघारी बोलले. चाळीस वर्षांच्या संसारात तुम्हाला कुणासमोर कधी चुकलात म्हटलं नाही, आणि तुम्ही नसताना म्हटलं. तेही तुमच्या लाडक्या लेकीला! म्हणून आता हे लिहायला बसले. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी माझ्याकडूनच कळू दे. तिकडं बातम्या कशा पोचतात कुणास ठाऊक.

कागद आपल्या नातवाच्या, सम्मेदच्या जुन्या वहीचे आहेत, पेन्सिलही त्याचीच. माझी शाळा तिसरीपर्यंतची, तुम्हाला माहीत आहे. सांभाळून वाचा.

आधी घरचं सांगते. जावयांना इथं उद्यमनगरात लेथवर काम लागलं, म्हणून चैत्रात शोभाचं बिऱ्हाड शिरोळातून उचललं. लेकीच्या घरी राहायला जायचं म्हणून मी आढेवेढे घेतले. पण जावई स्वतः आले, पायरीवर बसले आणि म्हणाले, "आई, पोरांना बघायला कोण हाय आमाला? तुमची नड हाय." असं म्हटल्यावर काय करणार? कुलूप लावलं आणि आले.

मंगळवार पेठेत दोन खोल्या आहेत. नळाला पाणी पहाटे येतं. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची, ती रीत इथंही चुकवलेली नाही, फक्त जावयांचा डबा तेवढा कामावर जातो. आणि तुम्हाला सांगायचं राहिलंच, इथं गंगावेशीत म्हशी रस्त्यावर उभ्या करून समोर धार काढून देतात! मला राहवतंय होय? पहिल्याच दिवशी मी म्हशीच्या कासेला हात लावून बघितला. तर मालक म्हणतो, "मावशी, दूध घेताय का म्हैस?" तुम्ही असता तर म्हशीचं वेत विचारत तिथंच उभे राहिला असता, आणि दूध राहिलं असतं बाजूला.

पोरं मजेत आहेत. सम्मेदचे पुढचे दोन दात पडलेत, आता तो ‘स’ म्हणायला गेला की वाराच बाहेर येतो. पिंकी चार वर्षांची झाली. समोर तालीम आहे. ही दारात उभी राहून पैलवानांना म्हणते, "ए मामा, शड्डू ठोक." आणि एवढाले गडी तिच्यासाठी ठोकतात. मला तर हसू आवरत नाही. ही दोघं नसती तर तुमच्यामागं माझं काय झालं असतं?

पण मूळ गोष्ट राहिलीच. सम्मेदला पहिलीत घालायचं होतं. शोभानं शिरोळातूनच मनाशी ठरवून आणलं होतं, इंग्रजी शाळा, गळ्यात टाय, पायात काळे बूट. मला काय कळतंय त्यातलं? मी म्हटलं, जा बाई.

मी पण गेले सोबत. मोठी इमारत, फरशी इतकी गुळगुळीत की पाय जपून टाकावा. एका बाईंनी सम्मेदला कागद दिला, पेन्सिल दिली. त्यानं ती डाव्या हातात घेतली आणि बैल काढला. चांगला वशिंडासकट काढला! बाई बघत राहिल्या. वाईट नव्हत्या हो, गोडच बोलल्या. म्हणाल्या, मुलगा हुशार आहे, पण हाताची सवय आत्ताच बदलून घ्या, लहान आहे तोवर. दोन हजार साल जवळ आलंय, पुढं जड जाईल. आठ दिवसांनी परत आणा. दोन हजार सालाचं आणि डाव्या हाताचं काय नातं, ते मला अजून उमगलेलं नाही. पण शोभानं मान हलवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डाळ निवडत होते. शोभानं सम्मेदला पाटीपुढं बसवलं. त्याचा डावा हात पाठीमागं नेला आणि रुमालानं करदोट्याला बांधला.

पोरगं रडलं नाही. उजव्या हातानं ‘अ’ काढायला गेलं, तो आडवा पडला. पुन्हा काढला, पुन्हा पडला. मग माझ्याकडं बघून म्हणालं, "आज्जी, माझा हात कधी सोडणार?"

अण्णा, माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. ते वाक्य मी आधी ऐकलं होतं. तुम्हीही ऐकलं होतं.

शोभा तेव्हा एवढीच होती. गावच्या शाळेतले मास्तर आपल्या दारात आले होते. तुम्ही चपला काढून, हात जोडून उभे. मास्तर म्हणाले, पोरगी डावखुरी आहे, हात बांधा, दोन महिन्यांत सुधारेल. ते गेल्यावर तुम्ही तुमच्या जुन्या पटक्याची पट्टी फाडलीत. तिचा हात पाठीशी धरलात, आणि गाठ तुम्हाला बसेना. दोनदा मारलीत, दोनदा सुटली. मला म्हणालात, "तू मार." मी मारली. चांगली पक्की मारली, दावणीला जनावर बांधावं तशी.

दोन महिने रोज शाळेच्या वेळेला बांधत होते. शोभा विचारायची, आई, कधी सोडणार? मी म्हणायची, अक्षर सुधारलं की. अक्षर कधी सुधारलं नाही. सहावीत ती म्हणाली, मला शाळा नको. तुम्ही नुसतं बरं म्हणालात. मीही का म्हणून विचारलं नाही. आज वाटतं, निदान एकदा तरी विचारायला हवं होतं.

आता एक विचारू? रागावू नका. आपला हौशा आठवतो? डाव्या बाजूचा बैल. तुम्ही एकदा शेजाऱ्याला जोडी दिली होती नांगरटीला, आणि त्यानं हौशाला जुवाच्या उजवीकडं जुंपलं. कुणीतरी येऊन सांगितलं तेव्हा तुम्ही पानावरून उठलात! हात न धुता त्याच्या शेतावर गेलात आणि बांधावरनं ओरडलात, "जनावराची बाजू बदलतोस व्हय रं? मान सुजंल त्येची." सगळ्या शिवारात ऐकू गेलं. ते साल कुठलं होतं माहीत आहे? शोभाचा हात बांधला, तेच साल.

मग बैलाचं कळलं ते लेकीचं कसं कळलं नाही हो?

तुमचं उत्तर मला माहीत आहे. जनावराचं आपल्याला कळतं, शाळेचं मास्तरांना कळतं, असं आपण दोघं धरून चाललो. मास्तरांना बैलाचं विचारलं असतं तर त्यांनी तुम्हाला विचारून सांगितलं असतं. आपण मात्र आपल्या पोरीचं त्यांना एकदाही उलटून विचारलं नाही.

तर त्या दुपारी मी शोभाला म्हटलं, सोड त्याचा हात. ती माझ्याकडं वळली. तुमचा फोटो तिच्या मागं भिंतीवर होता. म्हणाली, "आई, अण्णांनी माझा बांधला तो माझ्या भल्यासाठीच न्हवं?"

तुम्ही म्हणजे तिचं सगळं. तुमचा शब्द म्हणजे तिला देवाचा. व्हय म्हटलं असतं तर तुमचा मान राहिला असता आणि पोराचा हात बांधलेला राहिला असता. मी फोटोकडं बघितलं नाही. म्हटलं, "भलं बघूनच बांधला. पर त्येंचं चुकलं, शोभा. माझं बी चुकलं. गाठ मी मारली हुती."

तिनं वळून फोटोकडं बघितलं. मग एवढंच म्हणाली, "पंचवीस वर्सांनी सांगतीस व्हय?"

रुमाल तिनंच सोडला. धुतला आणि दोरीवर वाळत टाकला. पुढं दोन दिवस ती माझ्याशी मीठ-मिरचीपुरतं बोलत होती. पण आठ दिवसांचा वायदा तसाच होता. शाळा तीच, हे तिच्या मनातून गेलं नव्हतं. पोराला त्या दारात परत न्यायचं, आणि न बदललेला हात घेऊन न्यायचं, हे तिला जमेना, आणि हात बांधायचं तर आता त्याहून जमेना.

मग मी तुमच्या पद्धतीनं निघाले. तुम्ही बैल बाजारात कधी घेतला नाही. म्हणायचा, बाजारात शिंगं रंगवलेली, अंगावर झूल, तिथं सगळेच बैल चांगले. मालकाच्या गोठ्यात जावं, पाणी पाजायच्या वेळेला, न सांगता. मालक जवळ आला की जनावर अंग चोरतं का, एवढंच बघावं. मीही तेच केलं. पिंकीला कडेवर घेतलं आणि मधल्या सुट्टीच्या वेळेला एकेका शाळेपाशी जाऊन बसू लागले. शाळांचे उन्हाळी सुट्टीतले वर्ग चालू होते, पोरं येत होती.

एके ठिकाणचा शिपाई म्हणाला, "मावशी, रोज येताय, तुमचं पोरगं कुठल्या वर्गात?" मी म्हटलं, अजून ठरायचं हाय. तो माझ्याकडं बघतच राहिला. तिथं पोरांची रांग सुतासारखी सरळ होती. पण मास्तर जवळून गेले की एकेक खांदा आत जायचा. मी उठले. दुसरीकडं एका बाईंच्या हातात पट्टी होती. त्यांनी मारलं नाही, खोटं कशाला बोलू? पण पट्टी दिसली की पोरं बोटं बाकाखाली घेत होती. तिथूनही उठले.

तिसरी शाळा आमच्याच पेठेतली, कौलारू, मराठी. रोज भाजी आणायला तिच्यावरूनच जात होते आणि लक्ष दिलं नव्हतं. पिंकीला तहान लागली म्हणून आत गेले. रांजण वर्गाच्या दाराशीच होता. आत एक पोरगी डाव्या हातानं पाटीवर लिहीत होती, आणि तिचं कोपर शेजारच्या पोराच्या कोपराला लागत होतं. दोघांची कुरकुर चाललेली. बाई आल्या. मी श्वास धरून बघत होते. बाईंनी त्या पोरीला उचललं आणि बाकाच्या डाव्या टोकाला बसवलं. बस्स. कोपर मोकळं झालं, कुरकुर थांबली. जाता जाता एका पोरानं बाईंच्या पदराला खडूचे हात पुसले, आणि बाईंनी नुसता पदर झटकला.

तुम्ही हौशाला जसं जुंपायचा, अगदी तसं! मला कुणाला तरी सांगावंसं वाटत होतं आणि जवळ फक्त पिंकी होती. ती म्हणाली, "आज्जी, पाणी."

मी बाईंना म्हटलं, आमचा एक नातू आहे, डाव्या बाजूचा आहे. त्या म्हणाल्या, "मग डावीकडं बसवू की. त्यात काय?"

दुसऱ्या दिवशी शोभाला घेऊन गेले. काहीच सांगितलं नाही, नुसती रांजणापाशी उभी केली. ती त्या डावखुऱ्या पोरीकडं बघत राहिली, किती वेळ कुणास ठाऊक. मग आत जाऊन फॉर्म मागितला. बाहेर येऊन चपला घालताना म्हणाली, "हितं टाय न्हाय."

मी म्हटलं, "न्हाय."

"बरं झालं," म्हणाली.

आता शाळा सुरू होऊन तीन आठवडे झाले. सम्मेद बाकाच्या डाव्या टोकाला बसतो. सोबत्याचं नाव, बाईंचं नाव, कुणी कुणाला ढकललं, सगळं घरी येऊन सांगतो. परवा दुपारी मी दळण घेऊन आले, तर शोभा त्याची पाटी पुढ्यात घेऊन एकटीच बसली होती. पेन्सिल डाव्या हातात होती. काय लिहिलं ते मी बघितलं नाही. दारातूनच परत फिरले आणि कोपऱ्यावरच्या बाईशी उगीच गवारीचा भाव करत उभी राहिले.

शोभानं तुम्हाला शेवटी पेज भरवली होती, आठवतं? भाकरी ती डाव्या हातानंच थापते, तुम्हाला आवडायची. पेजही डाव्या हातानंच भरवली. दुसरं कुणी असतं तर तुम्ही म्हटला असता, अगं, उजव्या हातानं. तुम्ही काही बोलला नाही. तोंड उघडलंत, गिळलंत, आणि तिचा हात धरून ठेवलात. तोच हात. अण्णा, तेव्हा तुम्हाला काही म्हणायचं होतं का? मला वाटतं, होतं. मी तिला तसं सांगितलेलं नाही. ते मला नक्की माहीत नाही, आणि मला नक्की माहीत नसलेलं काही आता मी तिला सांगणार नाही.

सम्मेद देवळात, आपल्या बस्तीत, प्रसादाला अजून डावा हात पुढं करतो. तेवढा उजवा कर म्हणते मी. एवढं चालू दे, माझीही सवय जायला वेळ लागणारच.

आता राहिली पिंकी. तिचा हात अजून ठरायचा आहे. वाटीतला चमचा उजव्या हातात, खडू डाव्या हातात, आणि तालमीतल्या मामांना नमस्कार करायला दोन्ही. बघत बसते मी रोज. तुम्हाला शब्द देते: तिचा कुठलाही निघू दे, मी बोट लावणार नाही, आणि कुणाला लावू देणार नाही. दारात कुणीही येऊन सांगितलं तरी चपला काढून हात जोडून उभी राहणार नाही. आधी विचारीन.

तुम्हाला बोलले त्याचा राग धरू नका. धरलात तरी मी येईन तेव्हा भांडू. तोवर मला इथं थोडं राहू द्या, पिंकीला अजून ‘अ’ यायचा आहे.

शोभाची आई