तळघर, कापूस आणि शुद्ध आवाज

४ डिसेंबर
निर्णय झाला. घर उतारावर असल्यामुळे आयतं मिळालेलं तळघर यापुढे फक्त गाणी ऐकण्यासाठी. सगळ्या हिवरा आश्रम गावात अशी खोली दुसरी नसेल. शाळेतून रिटायर झालेल्या माणसाला एवढं हवंच. बायकोला, पुष्पांजलीला, मात्र तिथे पिठाची चक्की टाकायची आहे. तिच्या शेतातला कापूस बैठकीत छतापर्यंत पडलाय. भाव वाढला की तो विकून चक्की. मी म्हणालो, भाव वाढेपर्यंत तरी तळघर माझं? ती म्हणाली, "अन् मंग?" मंगचं मंग बघू.

११ डिसेंबर
देऊळगाव राजाहून गजेंद्र आला. माझा वर्गमित्र. मंडप आणि साउंडचा धंदा, म्हणजे तज्ज्ञच. त्याने तळघरात एक टाळी वाजवली, मान हलवली. म्हणे, "लय घुमते बे. भिंतीले काहीतरी नरम पाहिजे." नरम मालाचं पुण्याहून कोटेशन मागवलं. वाचून खाली बसलो.

१२ डिसेंबर, सकाळी ६
आंघोळ करताना सुचलं. नरम माल बैठकीत आठ क्विंटल पडलाय! परदेशी कंपन्यांना हे सुचलं नाही, कारण त्यांच्या बैठकीत कापूस नसतो.

१६ डिसेंबर
पुष्पांजली माहेरी, बीबी गावाला. चार दिवस पुरेत. भिंतीपासून वीतभर पुढे लाकडी पट्ट्या, मध्ये कापूस ठासून, वरून कापड. आवाज वर जाऊ नये म्हणून दार दुहेरी. बाबा पायरीवर बसून बघत होते. म्हणाले, "सरकीसकट भिंतीत भरतं काय बे?" वय एक्क्याऐंशी. त्यांना अकूस्टिक्स कळत नाही.

२० डिसेंबर
पुष्पांजली आली. बैठक रिकामी बघितली. मग विचारलं, "माहा कापूस कुठी हाय?" दाखवला. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच बजावलं, की भाव आला त्या दिवशी सगळा बाहेर निघाला पाहिजे. अर्थात!

२ जानेवारी
सर्वांगाला खाज. साठवलेल्या कापसाने खाज सुटते हे मला कोणी सांगायला नको, शेतकऱ्याचाच मुलगा आहे. पण ही थंडीची आहे. हवा कोरडी.
नवा संकल्प: रोज सकाळी एक तास शास्त्रीय संगीत. आज वायर कमी पडली.

१९ जानेवारी
स्पीकर दोन इंच पुढे घेतले. एक इंच मागे. संकल्प उद्यापासून.

८ फेब्रुवारी, सकाळी ७
अद्भुत! सतारीच्या मागे बारीक कुरकुर ऐकू आली. वीस वर्षं हेच रेकॉर्डिंग ऐकतोय, कधी जाणवली नव्हती. वादकाचं नख तारेला घासत असणार. आनंदाने गाणं मध्येच बंद करून गजेंद्रला फोन केला.

१६ फेब्रुवारी
उद्घाटन. गजेंद्र आणि शाळेतले दोन सर. सगळ्यांना डोळे मिटायला लावले आणि नख ऐका म्हणालो. सगळ्यांना ऐकू आलं. एक सर तर गहिवरले. तेवढ्यात बाबा पायरीवरून म्हणाले, "गाणं बंद कर बरं." केलं. सतार थांबली. नख चालूच.
बाबा म्हणाले, "भिंतीत सरकी भरली अन् उंदराले आवतन देल्लं." गजेंद्र अंग खाजवत खाजवत हसत होता.

३ मार्च
भाव आला. व्यापारी गाडी घेऊन दारात. कापड फाडून कापूस काढला. जागोजागी उंदरांची घरटी, कुरतडलेली सरकी, पिवळे डाग. व्यापाऱ्याने मूठभर हातात घेतला, हुंगला आणि निम्मा माल बाजूला सारला. पुष्पांजली त्याच्याशी भांडली नाही, माझ्याशीही नाही. "माह्या हातानं येचला होता," एवढंच म्हणाली. फार लाज वाटली. इथे कारण लिहिणार होतो. सुचलं नाही.

५ मार्च
स्पीकर गजेंद्रने विकत नेले. चक्कीसाठी जे कमी पडत होतं ते भागलं. रिकाम्या खोलीत थोडा वेळ बसलो. आठवून पाहिलं, तीन महिन्यांत इथे एकही गाणं शेवटपर्यंत ऐकलेलं नाही.

३० मार्च, पाडवा
मुहूर्तावर चक्की सुरू. वर स्वयंपाकघरात उभा राहून कान दिला. चूं नाही. म्हणजे दुहेरी दार मी उत्तम बसवलं होतं. तसं कोणी म्हणालं नाही, म्हणून इथे नोंदवतो.
तासाभराने पुष्पांजली पिठाने पांढरी होऊन वर आली. पट्टा निसटला होता, गव्हाचं पोतं आडवं झालं होतं. तिने वीस हाका मारल्या, एकही वर पोचली नाही. मी म्हणालो, हे तर खोलीचं यश आहे. ती पदराने तोंडावरचं पीठ पुसू लागली.
निकाल बाबांनी दिला. "ऐकाची हौस होती ना तुले? मंग बस खाली."
संध्याकाळी सातपासून चक्कीपाशी बसलोय. गहू झाला, आता ज्वारी. आवाज अगदी स्पष्ट येतो.