वरचा दीड पौंड

नागपूर,
८ फेब्रुवारी १९७८

प्रिय रुपराव,

अकरा वर्षांनंतर तुला रुप्या म्हणायचा हक्क उरलाय की नाही ते माहीत नाही, म्हणून आपलं रुपराव. पण बातमी अशी आहे की आधी तीच लिहितो. परवा मद्रासला मी हातोडा अठ्ठावन्न मीटर बेचाळीस फेकला. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी! मागच्या साली साऱ्यांनी मला मोडीत काढलं होतं. हातोडा हातातून सुटला तेव्हाच कळलं होतं. वर्तुळात तसाच उभा राहिलो, आणि टेप लावणारे दोघे चालत चालत पार आघाडीच्या फेकीच्या झेंड्यापलीकडे गेले. सोनं मिळालं. हे सातवं. रेल्वेतल्या साहेबांनी गाडीतच पेढे वाटले आणि माझ्या वाट्याचे दोन स्वतः खाल्ले.

आणि मला त्या क्षणी काय आठवलं असेल? नागपूरला लागून असलेल्या आपल्या वाडीतलं महादेवरावांचं वावर. ट्रान्सपोर्टच्या गोदामांमागे आपण सरावाला जायचो, ट्रकवाले टपावर बसून बघायचे, आणि माझा हातोडा त्यांच्या तुरीत जाऊन रुतायचा. म्हातारा काठी घेऊन धावत यायचा, "काहून गा, माह्या वावरात विहीर खंदून राहिला का?" मी पळायचो आणि तू मात्र शांतपणे खड्डा बुजवत बसायचास. गॅरेजात लेथवर दिवसभर उभं राहून आलेला माणूस, पण कंटाळा म्हणून नाही. हातोडा उपसून, कडीला लागलेली माती शर्टाला पुसून माझ्या हातात द्यायचास आणि म्हणायचास, "अजून एक मार. हा पोटातून नव्हता."

तो हातोडा तू गॅरेजच्या भंगारातून केलास. ट्रकच्या जुन्या लोखंडाचा गोळा लेथवर उतरवलास, तार ओवलीस, मुठीची कडी वाकवलीस. गोदामाच्या जुन्या काट्यावर गोळा सोळा पौंड भरला तेव्हा तू मलाच काट्यावर उभं करून नाचला होतास. दोन वर्षं मी तोच फेकला. रात्री खांदे इतके दुखायचे की आई ताट समोर ठेवायची आणि घासही भरवायची.

मग निवड चाचणी. ते सगळं तुला माहीत आहे, तरी लिहितो, कारण ते लिहायलाच बसलोय. तिथला हातोडा हातात घेतला तो पोकळ वाटला. गरगर फिरलो, पाय ताब्यात राहिले नाहीत. एक फेक जाळीत, दोन चुन्याच्या रेषेबाहेर. तिन्ही बाद. आपल्या व्यायामशाळेच्या दत्तोपंतांनी मागाहून दोन्ही हातोडे तोलून पाहिले, तेव्हा उलगडा झाला. नियमात सोळा पौंड म्हणजे गोळा, तार, कडी सगळं मिळून. आपल्याकडे गोळाच सोळा पौंडांचा, आणि तार-कडीचं वजन वर दीड पौंड. सगळ्या मैदानासमोर त्यांनी तुला विचारलं, "कोणी सांगितलं होतं गा तुले असं बनवाले?"

तुझा हात शर्टाच्या खिशाकडे गेला, रुपराव. मी बघितलं. खिशात माझी चिठ्ठी होती. इंग्रजी नियमांचं पुस्तक मी वाचलं होतं, मीच लिहून दिलं होतं: गोळा सोळा पौंड. पुढची ओळ पान उलटल्यावर होती आणि मी पान उलटलंच नव्हतं. सातवी नापास म्हणून तुला चिडवणारा मॅट्रिक पास माणूस मी. तुझा हात खिशापर्यंत गेला, तू माझ्याकडे पाहिलंस, आणि हात खाली घेतलास. "माह्याच हातानं चुकलं," म्हणालास. मी खाली मान घालून बुटाची नाडी बांधत राहिलो. बांधलेलीच होती ती.

त्यानंतर वाडीत तुला किती छळलं लोकांनी, तेही मला ठाऊक होतं. महिन्याभरात तू हातोडा घेऊन कुहीला निघून गेलास. आणि मी? चार महिन्यांनी दुसरी चाचणी झाली. बरोबर वजनाच्या हातोड्याबरोबर पाय ताब्यात राहायला लागले होते, आणि तो असा गेला की रेल्वेवाल्यांनी तिथेच नोकरीसाठी नाव लिहून घेतलं. पुढे पेपरवाले विचारायचे, एवढी ताकद कुठून आली. मी सांगायचो, दूध आणि बैठका. कुही इथून एका बसच्या अंतरावर आहे, आणि मी मद्रास, दिल्ली, कलकत्ता सगळं फिरलो.

आता खरी गंमत ऐक. यंदा शिबिरात नवे प्रशिक्षक आले. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्या हातात मुद्दाम जड केलेला हातोडा ठेवला. म्हणाले, याच्यावर ताकद कमव, मग हलका आपोआप लांब जाईल. मुठीत कडी आली आणि मला इतकं हसू आलं, इतकं हसू आलं, की शेवटी खालीच बसलो आणि डोळे पुसले. मी सांगितलं, साहेब, हे तर माझं दोन वर्षं करून झालंय. त्यांनी विचारलं, कोणी करून घेतलं? मी म्हणालो, वाडीच्या गॅरेजात लेथ चालवायचा, रुपराव नाव. अकरा वर्षांत पहिल्यांदा तुझं नाव खऱ्या जागी घेतलं. परवाची फेक त्यानंतरची आहे.

येत्या रविवारी, बारा तारखेला, इथे सदर भागात माझा सत्कार आहे. दत्तोपंत बोलतील, आणि दरवेळी सांगतात तो किस्सा सांगतील, लेथवाल्यानं हातोड्याचं वजन कसं चुकवलं त्याचा. लोक हसतात. सहा सत्कारांत मीही हसलो. या वेळी त्यांच्याआधी मी उठणार आहे आणि चिठ्ठी कोणाची होती ते सांगणार आहे. तू आलास तरी आणि नाही आलास तरी. पण ते आधी तुला सांगायला हवं होतं, लोकांना नंतर, म्हणून हे पत्र. कुहीचा एक ड्रायव्हर सांगत होता, तुझ्या दुकानाचं दार वाऱ्यानं लागू नये म्हणून तो हातोडा तू दाराशी टेकवून ठेवतोस. रविवारी दार लागलं तर लागू दे. हातोडा घेऊन सकाळच्या गाडीनं ये, रुप्या. मी स्टँडवर उभा राहीन. साडेसतरा पौंड आहेत, मला पाठ आहे. स्टँडपासून पुढे ते मी उचलीन.

तुझाच,
श्रीधर