एका पोटाले दोन विडे

कार्तिक वद्य ३, उमरावती
सातवा महिना सरला. बाबानं अक्षर शिकवलं ते आता कामी येते. घरात बोलता येत नाही ते लिहीन. घरधन्याचं नाव लिहायचं नाही, म्हणून ते इथं 'घ.'. वही कापसाच्या ढिगामागं ठेवते. सापडली तरी कोण वाचते!

आज आत्याबाईनं हुरमतबीले विडा दिला. सासूच ती, मले कशाले विचारते. सुईणीनं विडा पदरात बांधला की बाळंतपण तिचं. मागं फिरणं नाही. हुरमतबी या घरची जुनी सुईण, घ. तिच्याच हातचे. पण मागच्या साली माह्याजवळही तीच होती. पहिलटकरीण म्हणून माहेरी अकोल्याले जायचं होतं, तर गाड्या साऱ्या कापसात अडकल्या. लेकरू पायानं आलं अन् गेलं. तिचे हात दिसले की मी पोटावर पदर ओढून घेते. मले ती नको. नको म्हणजे नको.

कार्तिक वद्य ८
घ. कापूस घेऊन अकोल्याले निघाले. जाताना मी हळूच सांगतलं, तिथं माह्या मायले म्हणा दुसरी सुईण पाहा.
घ. : "अन् इथं आईले काय सांगू?"
"काही नका सांगू. ते तुमाले चांगलं जमते."
हसले. बैलाले उगाच हाकललं.

कापसाचा भाव चढल्यापासून गाव येडं झालं. वरणातही रुई. आत्याबाई म्हणते खा, भाव आहे तिले.

मार्गशीर्ष शुद्ध ४
घ. आले. रिकाम्या गाडीत कोण? अकोल्याची सगुणा सुईण! पेटी, बोचकं, हे एवढं कुंकू. मायनं तिले तिकडंच विडा देऊन धाडली. अगं माय! इथं विडा दिला हे मायले सांगायचंच राहिलं. घ.ले काही नका सांगू म्हटलं अन् या माणसानं तिकडंही काही नाही सांगतलं!

आत्याबाई : "एका पोटाले दोन विडे? लोकं तोंडात शेन घालतीन!"
घ. बैलाले पाणी दाखवायले गेले. दोनदा.

सगुणाबाईनं पोट पाहिलं. "डोकं खाली हाय. बिनघोर राय. माह्या हातून आजपावतर एकबी लेकरू गेलं नाई." किती बरं वाटलं. दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

मार्गशीर्ष शुद्ध ६
हुरमतबीले कोणीतरी सांगतलंच. तरातरा आली. भांडण होईन म्हणून शेजारणी आधीच येऊन बसल्या. पण ती सरळ चुलीजवळ गेली. हात कोमट केले, तेल लावलं, माह्या पोटावर ठेवले. मी डोळे मिटून घेतले.
"मुंडी वर हाय."
"खाली हाय!" सगुणाबाई.
"वर."
दलाल कापूस चाचपते तशा दोघी पोट चाचपत होत्या. मी मधात. हसू आलं, अन् भेवही वाटलं. वर म्हणजे पुन्हा पायानं.

मार्गशीर्ष शुद्ध ७
ठरवलं. दोघींले एकेकीले विचारायचं, पायानं आलं तर काय करसान?

सगुणाबाई सुपारी कातरत होती. "माह्या हातून पायानं कधी आलंच नाई. अभद्र बोलू नोको."

हुरमतबीनं तेलाची वाटी खाली ठेवली. मग म्हणे, "पोरी, मागच्या खेपेले मी ओढलं. तुही सासू रडत होती, ओढ ओढ म्हने. साऱ्या बाया वरडत होत्या. मी ऐकलं. ओढाले नोको होतं. हात मांडीवर ठेवून बसाले पायजे होतं. लेकरू कंबरेपावतर आपल्या आपन येते. माह्याच हातून घाई झाली. अल्ला जानते, त्या दिसापासून मले धड झोप नाई."

सालभर मले हेच कोणी बोललं नव्हतं. सारे म्हणत, नशीब. मी रडली. तीही. मग तिनं माह्याच पदरानं नाक पुसलं, तेव्हा मी हसली.

मार्गशीर्ष शुद्ध ८
सारी दुपार निजून राहिली, हात पोटावर. लाथा मोजल्या नाहीत, कुठं बसते तेवढं पाहिलं. खाली. बेंबीच्या खूप खाली. आणखी एक, तिथंच.
पाय खाली, म्हणजे मुंडी वर. हुरमतबी खरी.

मार्गशीर्ष शुद्ध ९
पोटुशीनं आपल्या हातानं विडा द्यायची रीत नाही. पहिला आत्याबाईचा होता, हा मी दिला. ओसरीवर, साऱ्यांसमोर, हुरमतबीच्या पदरात.
ती म्हणे, "घेते. पन एक बात. तुही सासू दाराभायेर."
झालं! आता आभाळ कोसळते म्हटलं. आत्याबाई खाली बसली. मग एवढंच, "मले वाटलं, लेकरू कोंडून राहिलं. म्हनून वरडली वो."
माह्या मनातला राग कुठं गेला कोण जाणे. तिच्याजवळ जाऊन बसली.
"पन मी भायेर बसून करू काय?"
हुरमतबी : "रुई पिंज."

राहिली सगुणाबाई. विडा परत कसा मागावा? घ. खाकरले, पुन्हा खाकरले. तीच म्हणे, "विडा कुठचा? तो तं मी मूर्तिजापुरातच खाऊन टाकला. रस्त्यानं दुसरं होतं काय? सुपारी चांगली होती."
अस्सा जीव भांड्यात पडला!

मार्गशीर्ष शुद्ध ११
सगुणाबाई लुगडं-चोळी घेऊन निघाली, गाडीतल्या कापसावर, राणीवाणी. वेशीपासून ओरडली, "डोकं खालीच हाय!"

मार्गशीर्ष वद्य ७
हुरमतबी रोज येते. कोमट तेल. मग मले कापसाच्या ढिगावर गुडघे टेकून डोकं खाली करून बसवते. म्हणे, कदी कदी फिरते, कदी नाई फिरत. घ. दारातून डोकावले, पळाले. वही सरकवावी लागली, अंगाखालीच आली होती.

पौष शुद्ध ३
पहाटे लाथ बसली. बरगडीखाली. वर! हात ठेवून वाट पाहिली. पुन्हा वर.
हुरमतबीले बोलावणं धाडलं. तिनं चाचपलं, डोळे मिटून, किती वेळ.
"फिरलं का?"
"फिरल्यावानी लागते. पन लेकराचं काय, पुन्हा फिरन. कसंबी येवो, मी घाई नाई करनार."

कंबर थोडी धरली आहे. काही नसेन. लिहायले हात चालते तोवर लिहिते.

आत्याबाई रुईची टोपली घेऊन दाराबाहेर जाऊन बसली. म्हटलं, अवो, अजून काहीच नाही. म्हणे, "माईत हाय. मी आतापासून सवय करून राहिली."