बेशुद्ध माणसानं बोलायचं नसतं

तीर्थरूप कुमुदआत्यास,

सुधन्वाचा मिरजेच्या दिशेनं (म्हणजे इथे माझ्या न्हाणीघराच्या खिडकीकडे तोंड करून) साष्टांग नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम तू स्वतः करतेस, की शेजारच्या काकूंना करायला लावून आपण खुर्चीत बसून मोजतेस? काकांची नवी कवळी बसली का, की अजून ती फक्त लग्नकार्यालाच बाहेर निघते?

तुझ्या पत्रातला पहिला प्रश्न नेहमीचाच, वजन वाढलं का. नाही वाढलं. बावन्न किलोच आहे. पण आत्या, ह्याच बावन्न किलोंनी मला आमच्या आळीत मानाचं पद मिळवून दिलं होतं. ते या महिन्यात गेलं. कसं गेलं ते ऐक.

इथे जपानात सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी भूकंपाची तालीम असते. सकाळी नऊला गावाच्या भोंग्यावरून भूकंप झाल्याचं जाहीर होतं आणि सगळी आळी शिरस्त्राणं घालून, आपापल्या घराला कुलूप लावून (भूकंपात घर पडलं तरी कुलूप शाबूत हवं) शाळेच्या मैदानाकडे निघते. प्रत्येकाला काम ठरलेलं. मी गेली नऊ वर्षं 'गंभीर जखमी'. आळीचे प्रमुख इनागाकी गुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक, यांनी पहिल्याच वर्षी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, "सुदान-सान, तुम्ही उचलायला फार सोयीचे आहात." (सुधन्वा हे नाव इथल्या जिभेला पेलत नाही, म्हणून मी सुदान; आणि 'सान' म्हणजे आपलं 'राव'. त्यामुळे अर्ध्या आळीची समजूत आहे की मी सुदान देशाचा. मी खुलासा करणं पाचव्या वर्षी सोडून दिलं.) गंभीर जखमीला डोक्याला लाल शाई लावलेलं बँडेज, पायाला फळी, छातीवर लाल चिठ्ठी. लाल चिठ्ठी म्हणजे बेशुद्ध. बेशुद्ध माणसानं बोलायचं नाही, फक्त कण्हायचं, तेही गुरुजींनी शिट्टी वाजवल्यावर.

यंदाही ओकुदाकाकूंनी मला झकास बांधलं. या काकू प्रथमोपचार प्रमुख. एरवी लोणची घालतात, आणि माणूसही त्याच हातानं गच्च बांधतात. मला स्ट्रेचरवर घातलं आणि चार वाहकांनी उचललं. चौघांचं सरासरी वय शहात्तर. उजव्या हाताला पुढे शिमोमुराआजोबा. यांचं पूर्वी आळीत सार्वजनिक न्हाणीघर होतं. ते बंद पडून बारा वर्षं झाली तरी ते मला रस्त्यात अडवून विचारतात, "काल मान घासलीस का नीट?"

देवळाचा चढ लागला. मी आभाळ बघत, शिट्टीची वाट पाहत पडलो होतो, एवढ्यात माझा उजवा खांदा खाली गेला. मान वळवून बघतो तर आजोबांनी एका हातानं छाती धरलेली, तोंड राखेसारखं, कपाळावरून घाम निथळतोय. "जरा बसतो," म्हणाले आणि रस्त्यातच बसले.

इनागाकी गुरुजींनी हातातली यादी पाहिली. "शिमोमुरा-सान, दुसरा जखमी यादीत नाही. उठा पाहू."

ओकुदाकाकू म्हणाल्या, "अगंबाई, काय हुबेहूब करतायत हो! आणि सुदान-सान बघा, नऊ वर्षं नुसता झोपतोय."

मी म्हणालो, "अहो, हे खरं आहे! त्यांना खरंच होतंय!"

गुरुजी कर्ण्यातून, पण अत्यंत नम्रपणे म्हणाले, "सुदान-सान, आपण बेशुद्ध आहात. कृपया बोलू नये."

आत्या, तुला ठाऊक आहे मी किती भिडस्त आहे. लहानपणी तू वाढलेली चौथी पोळी मला नको म्हणता यायची नाही. इथे तर माझं भिडस्तपण जपानी लोकांनाही जास्त वाटतं. मी आणखी दोनदा अदबीनं सांगितलं. गुरुजींनी दोनदा शिट्टी वाजवली. मग आजोबांची मान छातीवर पडली आणि माझ्यातलं काय तुटलं कोण जाणे, मी स्ट्रेचरवर उठून बसलो आणि बेंबीच्या देठापासून ओरडलो, "अरे माणूस मरतोय, यादी काय बघताय!" हे शुद्ध मराठीत. नऊ वर्षांत त्या आळीनं माझ्या तोंडून मराठीचा एक शब्द ऐकला नव्हता. ओकुदाकाकूंनी आजोबांचा हात हातात घेतला आणि काकूंचा चेहरा बदलला. "गार पडलाय," एवढंच म्हणाल्या.

मग मी खाली, आजोबा स्ट्रेचरवर. त्यांचा मोकळा कोपरा मी धरला आणि पायाला फळी बांधलेली तशीच ठेवून, टकाक टकाक करत आम्ही चढ चढलो. मैदानावर मुलांना दाखवायला रुग्णवाहिका आणून ठेवली होती. तिथला माणूस म्हणाला, "आमचं प्रात्यक्षिक साडेदहाला आहे." ओकुदाकाकूंनी त्याला जे सुनावलं ते वडीलधाऱ्यांना लिहिण्याजोगं नाही. त्यानं आजोबांना एकदाच पाहिलं आणि झटक्यात आत घेतलं. मग माझ्या डोक्याची लाल शाई आणि छातीवरची लाल चिठ्ठी पाहून मलाही आत कोंबलं. मी म्हणत होतो, मी बरा आहे. तो म्हणाला, डोक्याला मार लागलेले सगळे असंच म्हणतात.

इस्पितळात एका तरुण डॉक्टरणीनं माझी बँडेजं उलगडली. ओकुदाकाकूंचं काम, त्यामुळे बराच वेळ लागला. जखम सापडेना तशी ती घाबरत गेली. शेवटी तिनं कापसानं शाई पुसली, बोटाला लागलेली बघितली आणि भिंतीकडे तोंड करून हसली. पण त्याआधी अर्धा तास मी बाकावर एकटाच बसलो होतो आणि आत काय चाललंय ते कुणी सांगत नव्हतं. तेव्हा पायाची फळी सोडवायचंसुद्धा मला सुचलं नाही.

आजोबांच्या हृदयाची नळी तुंबली होती. ती मोकळी केली. आता ते उठून बसतात, इस्पितळाच्या आमटीला नावं ठेवतात. मी भेटायला गेलो तर म्हणाले, "त्या दिवशी मला कुठल्या भाषेत शिव्या घातल्यास?" शिव्या नव्हत्या, असं सांगून मी वाक्य म्हणून दाखवलं. ते आता येणाऱ्याजाणाऱ्या परिचारिकेला "मानुसु मारुतोय" म्हणून नमस्कार करतात.

पुढच्या रविवारी तालमीचा आढावा झाला. गुरुजींनी अहवाल वाचला, "गंभीर जखमीने उठून स्ट्रेचर उचलले. शिस्तीच्या दृष्टीने सुधारणेस वाव." मग त्यांनी कागद खाली ठेवला, टोपी काढली आणि माझ्यासमोर इतका वेळ वाकून उभे राहिले की मला कळेना आपण काय करावं. "मी यादीकडे बघत होतो," म्हणाले, "माणसाकडे नाही." मीही वाकलो. दोघांपैकी आधी कोण सरळ होणार हे ठरेना. शेवटी ओकुदाकाकूंनी चहा आणला म्हणून सुटलो. माझं पद मात्र गेलं. पुढच्या वर्षीपासून मी वाहक.

काकांना नमस्कार, चिंगीला आशीर्वाद.

तुझा,
सुधन्वा

ता. क. – गोडा मसाला पोचला. पुडी फुटली होती. पोस्टमन शिंकत आला आणि आणखी केव्हा येणार म्हणून विचारून गेला.

ता. क. २ – आत्या, खरं म्हणजे हे पत्र तालमीसाठी लिहिलेलंच नाही. इथे कायमचं राहण्याचा अर्ज मी चौदा महिन्यांपूर्वी भरून ठेवला होता. त्यावर इथल्या एका माणसानं जामीन म्हणून नाव घालावं लागतं. माझा जामीन हो, असं कुणाला म्हणायला माझी जीभ रेटली नाही. परवा आजोबांनी विचारलं, "तुझ्यासाठी मी काय करू?" आणि माझ्या तोंडून ते निघून गेलं. त्यांनी मुलीला घरून कागद आणि शिक्का आणायला लावलं, पलंगावरच शिक्का मारला, तो उलटा उमटला, म्हणून शेजारी पुन्हा मारला. मंगळवारी अर्ज गेला. बाबा समजून आहेत की मी मार्चमध्ये कायमचा परत येतोय. फोनवर मी त्यांना चारदा सांगायला गेलो आणि चारही वेळा तांदळाच्या भावावर बोलून फोन ठेवला. जगात ते फक्त तुला घाबरतात. तेवढं तूच सांग.

ता. क. ३ – बाबांनी फार आवाज चढवला तर त्यांना सांग, एप्रिलचं त्यांच्या नावाचं इकडचं तिकीट काढून ठेवलंय आणि त्याचे पैसे परत मिळत नाहीत. माझ्यावर ते वर्षभर रागावतील, पण तिकीट फुकट घालवणं त्यांच्या हातून व्हायचं नाही.