सोबत मूल नाही

आचरा, १४ नोव्हेंबर १९५५

परवानगी आली! मोंबासाहून यांचं जाड पाकीट. आत शिक्के मारलेला सरकारी कागद – बायको एक, मुलगी एक. जानेवारी संपायच्या आत तिथं उतरायला हवं, नाहीतर कागद रद्द.

यांचं पत्र डाव्या हातानं लिहिलेलं. आषाढात लाकडाच्या गिरणीत उजव्या हाताची तीन बोटं गेली, तेव्हापासून असंच. अक्षर पहिलीतल्या पोराचं. 'भात शिजवता येतो, धोतर पिळता येत नाही,' एवढंच स्वतःबद्दल. बाकी सगळं भिकीबद्दल – केवढी झाली, दात पडले का, मी पाठवलेलं नाणं सांभाळते का.

सांभाळते म्हणजे काय! तिकडचं दहा सेंटांचं भोकाचं नाणं, काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घालते. आंघोळीलासुद्धा काढत नाही.

तिला सांगितलं, बोटीतून लांब जायचं. तिनं विचारलं, "आये येतली?" म्हटलं, नाही, ती इथंच. पुन्हा सागरगोटे खेळायला लागली.

१५ नोव्हेंबर

'आये' म्हणजे मी नव्हे. 'आये' म्हणजे माझी थोरली जाऊ, सावित्रीवैनी. मी काकी.

तोंडानं बोलायचं नाही असं ठरलंय. वहीत लिहायचं नाही असं कोणी म्हटलेलं नाही, म्हणून लिहिते. भिकी माझी आहे. माझ्या पोटची.

तिच्या आधी दोन गेली. एक मुलगा सव्वा महिन्याचा, एक मुलगी दीड वर्षाची, चालायला लागली होती. तिसरीच्या वेळी भावोजींनी, वैनीच्या नवऱ्यानं, देवाचा कौल घेतला. मग बाराव्या दिवशी पोरीला सुपात घालून वैनीला विकली – पसाभर कोंड्याला! नाव ठेवलं भिकी, म्हणजे सटवीलाही वाटावं, कोणाचं तरी टाकलेलं पोर आहे, राहू दे. बारा वर्षं पुरी होईपर्यंत मला आई म्हणायचं नाही. म्हटलं, की ही पण गेली.

सात वर्षांची झाली आता. एकदाही ताप डोक्यात गेला नाही. मग कोणाच्या तोंडानं म्हणू, की हे खोटं आहे?

२१ नोव्हेंबर

जन्माचा दाखला आणला. आईचं नाव – सावित्री. बापाचं – भावोजींचं. सात वर्षांपूर्वी भावोजी पाटलांकडे गेले आणि तसंच लिहून आले! विचारलं तर म्हणाले, मग काय तुझं नाव लिहू? विकली होती ना? विकली ती विकली.

आता पासपोर्टात माझ्या नावापुढे मुलगी म्हणून कशी चढवायची? भावोजींना म्हटलं, मालवणला मॅजिस्ट्रेटपुढे जाऊ, तुम्ही दोघं खरं काय ते लिहून द्या. त्यांनी पानाची पिंक टाकली आणि शांतपणे म्हणाले, "कागदार लिवला म्हणजे बोंब मारल्यासारख्याच झाला."

मी काय काय बोलले ते लिहीत नाही. दीर आहे, थोरला आहे. पण पोर जगावं म्हणून तोही घाबरतो, हे मला कळतं. मीही घाबरते. तेच तर!

२३ नोव्हेंबर

वैनी रात्रंदिवस शिवते आहे. दोन फ्रॉक, एक परकर. तिला पोर नाही. सात वर्षं हीच. मी म्हटलं, वैनी, तिथं कापड मिळतं. ती म्हणाली, मिळू दे. सुईत दोरा घालता येईना तिला, इतके डोळे भरलेले. मी ओवून दिला.

२ डिसेंबर

रामेश्वरापुढे नारळ ठेवला. भावोजींनी गाऱ्हाणं घातलं – 'धाकट्या सुनेक आणि माझ्या चेडवाक सुखरूप पोचव.' सगळ्यांनी 'व्हय महाराजा' म्हटलं. देवापुढेसुद्धा 'माझ्या चेडवाक' – माझ्या मुलीला!

उद्या मालवणहून मुंबईची बोट. वैनी पोचवायला येते आहे.

मुंबई, ५ डिसेंबर

गिरगावात यांचा मावसभाऊ महादू राहतो, त्याच्या खोलीवर उतरलो. बोटीत वैनीला उलट्या. भिकी मात्र कठड्याला चिकटून मजेत.

बोटीत मी ठरवलं. काय व्हायचं ते होवो. भिकीला बाजूला घेतलं, पदराखाली धरलं आणि हळूच म्हटलं – साहेबानं विचारलं, ही तुझी कोण, तर माझ्याकडे बोट दाखवून आई म्हणायचं. एकदाच. तिनं माझ्याकडे बघितलं. गळ्यातलं नाणं तोंडात घालून चावत राहिली.

सात वर्षांत पहिल्यांदा तो शब्द तिला द्यायला निघाले होते.

९ डिसेंबर

सगळं संपलं.

पासपोर्ट कचेरीतला साहेब वाईट नव्हता. म्हातारा, कानात अत्तराचा फाया. माझं ऐकून घेतलं, सूप, कोंडा, सगळं. हसला नाही. म्हणाला, बाई, गावाकडे असं लिहिलं जातं, मी पाहिलंय. पण माझ्यापुढे दाखला आहे. मग त्यानं चष्मा काढला आणि म्हणाला, कागद राहू द्या, मी पोरीलाच विचारतो. तिनं सांगितलं तर मी शेरा मारतो.

वैनी बाहेर बाकावर. आत मी, महादू आणि ती.

"बाळ, ही बाई तुझी कोण?"

पंखा फिरत होता. भिकीनं माझ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं, परत माझ्याकडे. मी मान हलवली. ओठांनी दाखवलंसुद्धा.

"काकी."

साहेबानं पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा तेच सांगितलं, मोठ्यानं. साहेबानं चष्मा लावला. म्हणाला, आता माझे हात बांधले. मॅजिस्ट्रेटपुढे जबानी, गावच्या वहीत दुरुस्ती, मग नवा अर्ज – तीन महिने तरी.

माझ्याकडे दीड महिना आहे. आणि तिथं एक माणूस डाव्या हातानं भात ढवळतो आहे.

१० डिसेंबर

भिकीशी बोलले नाही. तिनं वेणी घालायला फणी आणून दिली, म्हटलं, जा तुझ्या आयेकडे. गेली.

मला कळलं ते कळलं. तिला यायचंच नव्हतं माझ्याबरोबर. दाराकडे का बघितलं? दाराबाहेर वैनी होती! तिनं निवडलं. सात वर्षांची पोर, तिचा काय दोष? तरी राग येतो. इतका राग येतो की जेवण जात नाही. मी नऊ महिने वाढवली, मी जागले, मी दूर बसून बघत राहिले – आणि एकदाच मागितलं होतं!

११ डिसेंबर

आजही बोलले नाही.

१२ डिसेंबर

महादू म्हणतो, वहिनी, तुम्ही पुढे जा. परवानगी एकदा गेली की परत मिळायची नाही, तिकडे कायदे कडक होतायत. पोरीचं मागाहून बघू. भावोजींची तारही तशीच – माणूस हातानं पंगू झालाय, बायकोनं जायलाच हवं.

वैनीला बाजूला घेतलं आणि विचारलं, मी गेल्यावर जबानी द्याल? ती माझा हात धरून म्हणाली, "शिमगो जावंदे. ह्यांका मी समजावतंय. तू जा, मी आसंय."

ती देईल. मला वाटतं देईल. पण तिच्या जागी मी असते तर दिली असती का, हा विचार डोक्यातून जात नाही.

संध्याकाळी भिकीची वेणी मीच घातली. रुसून तरी किती राहायचं!

३ जानेवारी १९५६

बोटीचं तिकीट मिळालं, डेकचं. देवीची टोचली, पिवळ्या तापाची टोचली. दंड सुजला आहे. भिकी फुंकर घालते.

६ जानेवारी

पैसे बदलायला गेलो. भिकीनं हट्टच धरला, मी येतंय. खिडकीत कारकुनानं माझ्या पदराची गाठ सुटेपर्यंत सुस्कारे टाकले. रुपयाला दीड शिलिंग. इकडच्या नोटा ठरल्यापेक्षा जास्त नेता यायच्या नाहीत, चिल्लर तर नाहीच घेत. माझ्या हातात उरलेले आणे-पैसे परत सरकवले. मग सोनं लिहून द्या – मंगळसूत्र, पाटल्या दोन, कुड्या. अंगावर काय काय आहे ते एका परक्या पुरुषाला वाचून दाखवायचं!

बाहेर आल्यावर भिकीनं विचारलं, आपले पैसे तिथं चालत नाहीत? म्हटलं, नाही. मग माझं भोकाचं इथं? म्हटलं, नाही, ते तिकडचं. बराच वेळ विचार करत चालली. उरलेल्या चिल्लरीचे मी तिला चणे घेऊन दिले. तिनं अर्धे वैनीला ठेवले, अर्धे मला. स्वतः खाल्लेच नाहीत.

८ जानेवारी

आज निघायचं. सकाळी गोदीत आधी फॉर्म. टेबलाला दोरीनं बांधलेला टाक, शाई पातळ. नाव. नवऱ्याचं नाव. वय. जात आहात कुठे. कशासाठी. मी व्हर्नाक्युलर फायनल, मराठी सातवी झालेली, महादूला म्हटलं, मी भरते.

सोबत मुलं किती, असं विचारलंय. महादू इंग्रजी वाचून सांगत होता, तिथं येऊन थांबला. मी म्हटलं, सांग. तो म्हणाला, 'नाही' असं लिहा वहिनी.

लिहिलं. शाईचा ठिपका पडला. कारकून म्हणाला, चालेल.

पोचवायला आलेल्यांना कठड्यापर्यंतच सोडतात. वैनीनं माझी ओटी भरली तिथंच, गर्दीत, नारळ आणि तांदूळ. लोक धक्के देत होते. मग भिकीनं दोरा डोक्यातून काढला आणि माझ्या मुठीत नाणं कोंबलं.

"ह्यो घे. ह्यो थंय चलतलो."

मला सगळे शिलिंग समुद्रात फेकावेसे वाटले. मी खाली बसले, तिला धरलं. तेव्हा ती माझ्या कानात काहीतरी बोलली. ते आज लिहिता येत नाही.

मग मला शिडीवर ढकललं. वरून शोधलं, वैनीची जांभळी साडी दिसली, तिच्या कमरेशी भिकी. हात हलवत नव्हती. नुसती उभी.

समुद्रात, ११ जानेवारी

तीन दिवस पडून आहे. बोट लागते म्हणून, असं शेजारची गुजराती बाई समजते. लिंबू देते बिचारी.

नाणं गळ्यात घातलंय. दोऱ्याला तिच्या तेलाचा वास आहे.

समुद्रात, १२ जानेवारी

कानात काय म्हणाली ते लिहिते.

"माका कधीचाच म्हायत आसा, तू माझी आये. पाण्याक गेल्यार बावीर बायको बोलतत. सायबाक मोठ्यान सांगला आसता तर मी मेलंय आसतंय. तुका मी जिती व्हयी मां?"

आणि मी दोन दिवस तिच्याशी बोलले नव्हते.