कार्डांचे फोटो

देवगाव फाटा,
१२ फेब्रुवारी २०२५

तीर्थरूप चंद्रभानकाकांना माधवीचा नमस्कार.

पारूकाकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, असं पिंगळीच्या एका गिऱ्हाइकाकडून कळलं. आता चालायल्यात का त्या? इकडं लॉज चालू हाय. वरचा मजला बंद ठेवलाय, स्वैपाकाला दोघंच हायत.

बँकेनं कार्डाचं मशीन नेलं ते अजून दिलं न्हाई. येलदरी धरणाच्या कामावरचे इंजिनिअर कंपनीच्या कार्डावर राहायचे, ते आता जिंतूरला उतरायलेत. ज्यांच्या कार्डावरून परदेशी साइटवर खरेदी झाली, त्यातल्या तिघांनी नोटीस पाठवली. बँकेनं लावलेल्या चौकशीची फीसुद्धा आपल्याच माथी आली. ती भरायला रोडलगतचा प्लॉट विकला. लग्नाचं एकबी बुकिंग न्हाई. लोक चहाला थांबतात अन् विचारतात, "इथंच कार्डं चोरीला गेली व्हती ना?"

चौकशीचा कागद परवा आला. काउंटरवर चोरी झालीच न्हाई. गिऱ्हाइकांच्या कार्डांचे आपण काढून ठेवलेले फोटो ऑफिसातल्या कॉम्प्युटरमधून गेले.

काका, हे मला आधीपासून माहीत व्हतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी मशीन कंपनीतून बोलतोय म्हणून एकाचा फोन आला. त्यानं सांगितलेलं ॲप त्या कॉम्प्युटरवर मीच टाकलं. स्क्रीनवरचा बाण आपोआप फिरायला लागला, अन् मी नुसती बघत बसले. फोटो ठेवू नका, असं तुमी दोनदा बोलला व्हतात. "गिऱ्हाइकाला सारखं कार्ड मागणं बरं दिसत न्हाई," असं मीच म्हणले व्हते.

पोलिसांनी "कार्ड कोण घेतं?" विचारलं, तवा मी तुमचं नाव सांगितलं. तुमी माझ्याकडं बघून म्हणलात, "माधवी, सांग की यांना, फोटो कुणी ठेवायला लावले ते." मी मान खाली घातली. चौदा वर्षं लॉज सांभाळलेल्या माणसाला दोन दिवस ठाण्यात बसवलं, अन् तिसऱ्या दिवशी मीच कामावरून काढलं. लॉजचं नाव वाचंल असं वाटलं व्हतं. तेबी वाचलं न्हाई.

काल सेलूच्या ठाण्यात जाऊन लेखी जबाब दिला. "आत्ता सांगायलाव व्हय?" साहेब म्हणले. जबाबाची नक्कल सोबत जोडलीय. गावात ज्याला दाखवायची त्याला दाखवा.

कामावर परत या म्हणायला तोंड न्हाई. रविवारी मीच पिंगळीला येते. घरात घ्यायचं का दारातूनच परत लावून द्यायचं, ते तुमी अन् काकूंनी ठरवा.

तुमच्यावर आळ येऊ दिलेली,
माधवी