डाव्या मनोऱ्यावरची वेळ

१४ ऑक्टोबर

प्रिय नार्दूदादास, धाकट्या चेत्ताचा नमस्कार.

तू, वहिनी, तुझी क्लॅरी, जावईबापू आणि नवं बाळ, सगळी देवाच्या कृपेने ठणठणीत असाल असं धरून चालते, कारण तसं नसतं तर वहिनींनी एव्हाना फोन केला असता. त्यांच्या गुडघ्याला रोज ऑलिव्हचं तेल कोमट करून चोळायला सांग. तिकडच्या डॉक्टरांनी नको म्हटलं असेल तर त्यांना न सांगता. आम्ही इकडे बरे आहोत. (परवापरवापर्यंत नव्हतो, पण पत्राच्या पहिल्या परिच्छेदात बरं असावं लागतं असं आपल्याला शाळेत सिस्टर बेनिन्यांनी शिकवलं होतं, आणि मी मॅट्रिकपर्यंत जे शिकले ते टाकून देत नाही.) फोन करायचं सोडून पत्र का, तर फोनवर तू 'हं, हं' म्हणत दुसरीकडे टाइप करत असतोस. मला ऐकू येतं.

विषय आमच्या मामंजींचा आहे. माझ्या सासऱ्यांनी दहा दिवस धड जेवण घेतलं नव्हतं. सकाळी अर्धा ग्लास चहा, दुपारी मिनेस्त्राचे दोन चमचे (भोपळा घातलेली भाज्यांची पेज, जिच्यासाठी ते पूर्वी जपमाळ लवकर आटपायचे), की भिंतीकडे तोंड करून आडवे. माझा जान्नी म्हणतो, बाबांचं वय एक्याऐंशी आहे. मी म्हणते, वय गेल्या महिन्यातही एक्याऐंशीच होतं आणि तेव्हा वाडगा पुसून पाव खात होते. कारण वय नाही, दादा. कारण घड्याळ आहे, आणि त्यात थोडा हात तुझाही आहे, म्हणून पहिल्यापासून सांगते.

आपल्या चर्चचं उजव्या मनोऱ्यावरचं घड्याळ माणसांचं आणि डाव्या मनोऱ्यावरचं सैतानाचं, हे आपण चालायला लागलो तेव्हापासून आपल्याला ठाऊक आहे. त्याने डावीकडे बघावं, चुकीच्या वेळी यावं, रिकाम्या बाकांवर बसून कंटाळून निघून जावं, एवढीच योजना. पण ती चालू ठेवायला किती राबावं लागतं हे तुला ठाऊक नसेल, मलाही लग्न होऊन या घरात येईपर्यंत नव्हतं. चर्चची राखण मामंजींकडे आली त्याला बावन्न वर्षं झाली. दर शनिवारी ते ब्याण्णव पायऱ्या चढून डावं घड्याळ चुकवायचे, आणि दर शनिवारी वेगळ्या मिनिटांनी. कधी मागे, कधी पुढे. कारण चूक एकच राहिली तर सैतान वजाबाकी करील. ("तो पडलेला देवदूत आहे, चेत्ता, ढ नव्हे.") तोच आकडा लागोपाठ येऊ नये म्हणून खाली उतरल्यावर ते मला तो सांगत आणि मी घरखर्चाच्या वहीत मागच्या पानापासून उतरवून ठेवी. अशा सत्तावीस वर्षांच्या चुका माझ्याकडे अगदी बिनचूक नोंदलेल्या आहेत.

तर या उन्हाळ्यात बाहेरून मिळालेल्या मदतीतून मनोऱ्यांची डागडुजी झाली. एक नीटनेटका इंजिनियर आला, त्याला आमच्यापैकी कोणीच काही सांगितलं नाही (प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने सांगितलं असेल), आणि त्याने एका गुरुवारी दोन्ही घड्याळं बरोबर लावून टाकली. वर डाव्या मनोऱ्यात एक पांढरी पेटी बसवली. तिच्यामुळे काटे आपोआप जागेवर येतात. मामंजींनी विचारलं, पेटीला वेळ कोण सांगतं. तो म्हणाला, ती आकाशातून घेते. मामंजी घरी आले आणि मला म्हणाले, "हवेतून येणारी वेळ सैतानाला आपल्या आधी कळणार. तो राहतो कुठे? हवेतच ना!"

त्या रविवारी काय झालं ते ऐक. नऊच्या मिस्सेच्या उपासनेला माणसं चौकात आली, वर बघितलं, आणि थांबली. आपल्याला दोन घड्याळं वेगळं बोलताना बघायची सवय. त्यातलं खरं कोणतं ते पोरांनाही कळतं. दोन्ही एकच बोलायला लागल्यावर मात्र कोणाचाच विश्वास बसेना. समोरची जूझा सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "दोघं सारखंच सांगतायत म्हणजे दोघं ठरवून खोटं बोलतायत." झालं. अर्धा गाव स्वयंपाकघरातलं घड्याळ बघायला घरी परतला, आणि घरी गेलेला माणूस शेगडीवर काही ना काही बघतोच. मिस्सा सुरू झाली तेव्हा आत आम्ही अकरा जण होतो, त्यातले दोन जर्मन पर्यटक. आमचे तरुण धर्मगुरू दुन साल्व यांनी रिकाम्या बाकांकडे बघून श्रद्धा आणि अंधश्रद्धा यावर प्रवचन दिलं, म्हणजे जे आले नव्हते त्यांच्यासाठी. ते रोमला शिकलेले आहेत, माणूस सोन्यासारखा आहे, पण त्यांना समजुतीची गोष्टही व्यासपीठावरूनच सांगता येते. मिस्सेनंतर मामंजींना म्हणाले, "विस्टिनकाका, सैतानाला वेळ बघायला आपला मनोरा कशाला लागतो? त्याच्या मनगटावर घड्याळ असेलच की." मामंजी म्हणाले, "मग बावन्न वर्षं मी चढत होतो तेव्हा कोणी सांगितलं नाही ते." आणि काठी टेकत घरी आले.

एवढ्यावर भागलं असतं. पण पुढच्या मंगळवारी चर्चच्या दाराशेजारी पाटी लागली. पर्यटकांसाठी, आठ भाषांत. 'डाव्या मनोऱ्यावरील घड्याळ अंधश्रद्धेपोटी मुद्दाम चुकीचे ठेवले जात असे.' मामंजींनी ती माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. 'जात असे' एवढं तिसऱ्यांदा. त्या दुपारपासून भिंतीकडे तोंड.

पाटी तू केलीस हे मला दुन साल्वांनी सांगितलं, आणि कौतुकानेच सांगितलं: तुमच्या भावाने तिकडच्या भाषांतराच्या कचेरीतल्या माणसांना एकेक गाठून आठही भाषांत करून दिलं, फुकट. वर 'अंधश्रद्धा' हा शब्द प्रत्येक भाषेत मुळात काय म्हणतो याचं एक पानही पाठवलंस म्हणे, हौसेने. ते पान मी मागून आणलं. माझा विचार असा की सात परक्या भाषांपैकी एकीत तरी हा शब्द जरा मऊ असेल, तेवढा मामंजींना वाचून दाखवावा, म्हणजे माणूस दोन घास खाईल. दुपारी ताट घेऊन त्यांच्या खाटेशी बसले आणि तुझ्या अक्षरातलं वाचायला लागले.

जर्मन माणसं याला भलती श्रद्धा म्हणतात, असं तू लिहिलं आहेस. मामंजी भिंतीलाच म्हणाले, "ब्याण्णव पायऱ्या, निम्म्या अंधारात. एकदाही भलत्या पायरीवर पाय पडला नाही." डच लोकांची बाजूची श्रद्धा. "बरोबर आहे. घड्याळ बाजूच्याच मनोऱ्यावर आहे. कोणी डच येऊन बघून गेलेला दिसतोय." डेन्मार्कवाल्यांची जास्तीची, वरची. (हा शब्द मला लागला. जास्तीचं मला कशातच खपत नाही. पण मग विचार आला, मिस्सेनंतर मी रोज तीन मेणबत्त्या लावते, दोन पुरतात, तर तिसरी डेन्मार्कमध्ये कशात मोजतील.) मामंजी म्हणाले, "जास्तीची म्हणजे किती? मिनिटांत सांगायला सांग त्यांना." क्रोएशियातली रिकामी श्रद्धा. इथे ते वळले. "रिकामी? मग यंत्राच्या तेलाचा डबा वर कोण न्यायचं, त्या क्रोएशियावाल्याची बायको?" मला हसू आलं आणि वाटलं आता उठतायत. मी घाईने इटालियन वाचलं, म्हणजे आपल्या बेटावरचाही आणि इंग्रजांचाही शब्द, कारण आपण तो इटालियनांकडून आणला, शेजारणीकडून झाकलेलं ताट आणावं तसा, आत काय आहे न विचारता. तू लिहिलंस की त्याचं मूळ पंडितांनाही नक्की माहीत नाही, पण काही म्हणतात की सगळं गेल्यावर जे मागे उरतं ते. मामंजी म्हणाले, "ते मीच."

शेवटी ग्रीक. अदृश्य शक्तींची भीती, आणि कंसात तू लिहिलंस की जुन्या काळी ग्रीक हा शब्द चांगल्या भाविक माणसालाही लावत. मला वाटलं आता कंसासकट वाचलं तर खूश होतील. कंसापर्यंत मला पोचू दिलं नाही.

"भीती," म्हणाले. "हो. ती होती."

दादा, या घरात मी सत्तावीस वर्षं आहे आणि जान्नीच्या आधी एक मुलगी होती हे मला त्या दिवशी कळलं. आठ दिवसांची. बाप्तिस्मा रविवारी दहाला ठरला होता. त्या वेळचा राखणदार तापाने पडला होता, तीन शनिवार वर कोणी गेलं नव्हतं, आणि डावं घड्याळ आपलं आपणच सरकत सरकत उजव्याशी मिळालं होतं. मुलगी शनिवारी रात्रीच गेली. "मी म्हणत नाही की त्यामुळे," मामंजी म्हणाले. "मी कधीच म्हटलं नाही. दुन साल्व म्हणतात तसंच असेल. मी फक्त किल्ली मागून घेतली." मग त्यांनी पांघरूण ओढलं. मी तुझ्या पानाची घडी केली आणि ताट परत नेलं.

त्यानंतर दोन दिवस भांडी घासताना माझ्या डोक्यात तेच. मी देवाधर्माची बाई आहे, तू जाणतोस. रोजची मिस्सा चुकवत नाही आणि नवस बोलत नाही, कारण देवाशी घासाघीस करणं मला बरं वाटत नाही. पण पाव कापण्याआधी त्यावर सुरीने क्रूस काढते. दुन साल्वही काढतात, मी पाहिलं आहे. तू मॅट्रिकला बसताना डावा मोजा उलटा घालून गेलास आणि पास झालास, नंतर तिकडच्या कचेरीच्या परीक्षेलाही तसाच गेलास असं वहिनींनी सांगितलं आहे. तुझं ते पान मी चारदा वाचलं. सगळ्या भाषा भांडतात, पण एका गोष्टीत त्यांचं एकमत दिसतं. तो शब्द नेहमी पलीकडच्या घराकडे बोट करतो. भलती कोणाची, तर त्याची. रिकामी कोणाची, तर तिची. चौकात उभं राहून वर बघितलं की सगळ्या भाषांना मनोरा दिसतो, घड्याळ दिसतं. पायऱ्या दिसत नाहीत.

म्हणून गेल्या शनिवारी सकाळी, जान्नी कामावर गेल्यावर, मी मामंजींच्या कोटाच्या खिशातून किल्ली काढली आणि गेले. बेचाळिसाव्या पायरीवर बसले, साठाव्या पायरीवर देवाची माफी मागितली, वर पोचल्यावर पांढऱ्या पेटीचं बटण बंद केलं आणि काटा हाताने मागे ओढला. तो वाटला त्यापेक्षा जड आहे. खाली आले तेव्हा गुडघे वहिनींचे झाले होते. स्वयंपाकघरात मिनेस्त्रा गरम करायला ठेवली. मामंजींच्या खोलीतून खिडकीची झडप वाजली (तिथून डावा मनोरा दिसतो), मग काठी. येऊन टेबलाशी बसले.

"किती?"

"सतरा."

"मागे की पुढे?"

"मागे."

"मागच्या खेपेला?"

वही काढून बघितलं. "नऊ. पुढे."

"चालेल," म्हणाले, आणि वाडगा ओढला. दोन वाडगे घेतले, दादा, आणि शेवटी पावाने पुसलं.

तर इकडे असं. सगळ्यांना माझा नमस्कार, बाळाच्या कपाळावर माझ्या वतीने अंगठ्याने क्रूस काढ. तुम्ही सगळे बाळाच्या बाप्तिस्म्याला इकडे येताय याचा फार आनंद आहे. ठरल्याप्रमाणे रविवारी अकराला.

तुझी बहीण,
चेत्ता

ता. क. तू म्हणशील, चेत्ता, धर्मगुरूंच्या चोरून असं करणं पाप आहे. मलाही तसंच वाटलं, म्हणून त्याच संध्याकाळी पापनिवेदनाला गेले आणि जाळीपलीकडे सगळं सांगितलं. दुन साल्वांनी विचारलं, किती मिनिटं. सांगितलं. तीन वेळा नमो मरिया म्हणायला सांगितलं, आणि मी उठत होते तेव्हा हळूच म्हणाले, पुढच्या शनिवारी आकडा बदला. दुसऱ्या दिवशी चर्च भरलेलं होतं.

ता. क. २. खरं काम हे. पाटीवरची ती ओळ काढून तिथे दुसरी लावायची आहे. पाटीवाला तयार आहे, दुन साल्वांना मी पाटी लागल्यावर सांगेन. ओळ अशी: 'या मनोऱ्यावरचं घड्याळ विस्टिन कामेन्झुली यांनी बावन्न वर्षं दर शनिवारी ब्याण्णव पायऱ्या चढून चुकीचं लावलं.' बस. पुढे 'का' लिहायचं नाही. हे आठही भाषांत करून दे, पहिल्यासारखंच फुकट. माझा अंदाज आहे की यात तुझ्या मित्रांचं एकमेकांशी भांडण होणार नाही. मामंजींना येत्या शनिवारी त्यांच्या वाढदिवसाला जान्नी हाताला धरून पाटीपर्यंत नेणार आहे, त्याआधी पोचव. येताना ते पान मात्र आणू नकोस, माझ्याकडे आहे, कंस मी त्यांना नंतर वाचून दाखवला.

ता. क. ३. बाप्तिस्मा अकराला नाही. किती वाजता ते लिहीत नाही, सैतानालाही वाचता येतं; विमानतळावर कानात सांगेन, जावईबापूंनाही तेव्हाच कळू दे. आणि वर १४ ऑक्टोबर लिहिलं आहे, ती आजची तारीख नाही. सत्तावीस वर्षांत मी कुठल्या कागदावर चुकीची तारीख घातलेली नाही, म्हणून तुला आधीच कळवून ठेवते.